कवटी जरा मोठी करा

रॉक बँडला पोस्टरची गरज उरलेली नाही. तिकिटं फोनवर विकली जातात, गाणी फोनवर ऐकली जातात, आणि ज्याला कार्यक्रमाला यायचंच आहे त्याला तारीख पोस्टर निघण्याआधीच पाठ असते. तरीही अधूनमधून एखादा बँड माझ्याकडे येतो आणि स्क्रीन प्रिंटचंच पोस्टर हवं म्हणतो. डिजिटल नको, फ्लेक्स तर नकोच. हाताने छापलेलं, शाईचा थर बोटाला लागेल असं. ही मागणी रास्त आहे आणि ती ऐकून मला दर वेळी बरं वाटतं. तक्रार आहे ती त्यानंतरच्या सूचनांबद्दल, कारण त्या सगळ्या फ्लेक्सच्या असतात.

मागच्या पावसाळ्यातला बँड घ्या. हेवी मेटल, पुण्याचाच. गायक, गिटारवाला, ड्रमर आणि बेस वाजवणारा. हा शेवटचा सीएची आर्टिकलशिप करतो, त्यामुळे बँडचे पैसे त्याच्याकडे. चौघंही मला ताई म्हणतात. ताई म्हटलं की मानधनाचा विषय थोडा पुढे ढकलता येतो, हे त्यांना कुणी शिकवलं नसावं. ते उपजतच येतं.

पहिल्याच बैठकीत फोन पुढे आला. फोनमध्ये सांगाडा होता आणि सांगाड्याच्या डोक्यावर गुलाब. "असंच काहीतरी, पण ओरिजिनल," गायक म्हणाला.

ते चित्र मी ओळखत होते. १९६६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲव्हलॉन बॉलरूममधल्या ग्रेटफुल डेड या बँडच्या कार्यक्रमासाठी स्टॅन्ली माउस आणि ॲल्टन केली या जोडगोळीने ते पोस्टर केलं होतं. त्यातला सांगाडा मुळात त्यांचा नाही. एडमंड सलिव्हन नावाच्या इंग्रज चित्रकाराने तो उमर खय्यामच्या रुबायांसाठी काढला होता, आणि या दोघांना तो तिथल्या सार्वजनिक वाचनालयातल्या पुस्तकात सापडला. त्याच रुबाया आपल्याकडे माधव जूलियनांनी मराठीत आणल्या. म्हणजे बँडला हवी असलेली बंडखोरी एका फारसी कवीकडून निघून, इंग्रजी पुस्तकामार्फत, वाचनालयाच्या कपाटातून आली आहे. मी हे सगळं सांगितलं. चौघांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गायक म्हणाला, "हो ताई, फक्त कवटी जरा मोठी करा."

मी तोवर कागदावर रेघही ओढली नव्हती.

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगायला गेले आणि ती सांगायला नको होती असं त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसलं. ती सगळी प्रसिद्ध सॅन फ्रान्सिस्को पोस्टरं, ज्यांच्या नावाने आज जगभर स्क्रीन प्रिंटचा आग्रह धरला जातो, ती बहुतेक ऑफसेटवर छापलेली आहेत. रॉकच्या पोस्टरला जाळी, शाई आणि ती ओढायच्या स्क्वीजीची गोडी लागली ती बरीच नंतर. ऑस्टिनच्या फ्रँक कोझिकसारख्यांनी १९९० च्या आसपास ती लावली. गिटारवाल्याने यावर "व्हाइब तीच आहे ना पण" असा खुलासा केला. तो पुढे प्रत्येक अडचणीवर हाच खुलासा करत राहिला.

लोगो व्हॉट्सॲपवर आला. म्हणजे लोगोचा फोटो आला. म्हणजे टी-शर्टवर छापलेल्या लोगोचा फोटो आला, आणि फोटो काढताना टी-शर्ट ड्रमरच्या अंगात होता. मधली दोन अक्षरं त्यामुळे बाकीच्यांपेक्षा रुंद होती. मूळ फाइल कुणाकडे आहे असं विचारल्यावर ती आधीच्या गिटारवाल्याकडे असल्याचं कळलं. त्याच्याशी आता बोलणं नाही.

मेटल बँडांचे लोगो कसे असतात हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. नाव वाचता येता कामा नये, ही पहिली अट. अक्षरांना काटे फुटतात, काट्यांना फाटे फुटतात, आणि दोन्ही बाजूंना सारखी नक्षी व्हावी म्हणून पहिलं आणि शेवटचं अक्षर एकमेकांत घुसवलेलं असतं. मला याचं वावडं नाही. पोस्टरकार वेस विल्सनने १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्याच फिलमोर सभागृहासाठी अक्षरं वितळवून काढली तेव्हा आयोजक बिल ग्रॅहम हेच म्हणाला होता की हे वाचता येत नाही. लोक वाचायला थांबतात ते वाचता येत नाही म्हणूनच, असा विल्सनचा युक्तिवाद सांगतात. विल्सनने ती अक्षरं व्हिएन्नाच्या आल्फ्रेड रोलरकडून उचलली होती, त्यामुळे त्यालाही पूर्वपरंपरा होती. पण विल्सनच्या पोस्टरकडे दहा मिनिटं पाहिलं की नाव लागतं. आमच्या लोगोकडे मी बरेच दिवस पाहत होते आणि माझ्या मते त्यात एक अक्षर कमीच आहे.

मी सुचवलं, नाव देवनागरीत घेऊ. शिरोरेषा तापल्यासारखी ओघळवू, वेलांट्या आणि रफार वर चढवू, काट्यांना लागेल तेवढा वाव देवनागरीत आहे. गायकाने थोडा विचार करून सांगितलं की ते भजनी मंडळाचं वाटेल. मला अजूनही वाटतं की या सगळ्या कामातली ती एकच खरी कल्पना होती.

आता कागद. रॉक पोस्टरचं अमेरिकेतलं रूढ माप १८ बाय २४ इंच. फ्रेमही त्याच मापाच्या मिळतात, आणि बेसवाल्याने एक फ्रेम आधीच मागवून ठेवली होती. आपल्याकडे बाजारात सहज मिळणारा मोठा ताव २३ बाय ३६ चा. तो मधून कापला की हातात येतो १८ बाय २३. एक इंच कमी. पूर्ण माप हवं तर २५ बाय ३६ चा ताव आणावा लागतो. हव्या त्या जाडीत आणि हव्या त्या रंगात तो कधी नसतो, परवा येणार असतो. मी १८ बाय २३ वर काम केलं. फ्रेममध्ये वरखाली अर्धा अर्धा इंच मोकळी जागा राहते. ती पाहून बेसवाला मला अजून विचारतो की डिझाइन लहान का केलं. मी त्याला दर वेळी तावाचं माप सांगते आणि तो दर वेळी ते पहिल्यांदा ऐकतो.

रंग तीन, कारण प्रत्येक रंगाला वेगळी जाळी, वेगळी फिल्म आणि वेगळा खर्च. बँडला कागद काळा हवा होता. काळ्या कागदावर पिवळी शाई ओढली की ती शेवाळी दिसते. पिवळीला पिवळी दिसायचं असेल तर खाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, म्हणजे जाळी आणखी एक. हे गणित मांडल्यावर कागद पांढरा ठरला आणि काळी पार्श्वभूमी आपणच छापायची ठरली. मग मी पिवळा आणि निळा पातळ ठेवला, एकमेकांवर चढला की हिरवा आपोआप मिळेल असा. तीन जाळ्यांत चार रंग. या धंद्यात फुकट मिळणारी ही एकच गोष्ट आहे, तेव्हा मी ती जरा अभिमानाने दाखवली. गायक म्हणाला, "हिरवा नको ताई, तो आमच्यात बसत नाही." मग त्याने विचारलं की पिवळ्याचा हळूहळू लाल होत जाईल असं करता येईल का. जाळीला हळूहळू काही कळत नाही. शाई जाते किंवा जात नाही. छटा प्रत्येक प्रतीवर तंतोतंत सारखी हवी असेल तर ठिपके पाडावे लागतात, आणि सेंटीमीटरला १२० धाग्यांच्या जाळीवर इंचाला पासष्ट-सत्तर ओळींपेक्षा बारीक ठिपका नीट बसत नाही. विक्टर मोस्कोसो हा येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सच्या हाताखाली रंग शिकला होता. फिलमोर-ॲव्हलॉनच्या काळात त्याने रंगांबद्दलचे शिकलेले नियम मुद्दाम उलटे केले, शेजारी ठेवू नयेत ते रंग शेजारी ठेवले आणि डोळे दिपवले. त्याचं मला कौतुक आहे. पण नियम मोडायला आधी ते शिकावे लागतात, हे वाक्य मी तोंडातच ठेवलं, कारण तेवढ्यात ड्रमर टेबल वाजवू लागला होता.

छापण्यासाठी मी ज्यांच्याकडे जाते ते काका पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या खोलीत बसतात. लग्नपत्रिका हा त्यांचा मुख्य धंदा. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने रेशमी कापडातून छापायच्या पद्धतीचं पेटंट १९०७ साली घेतलं. अँडी वॉरहॉलने १९६० नंतर त्याच तंत्रावर नाव काढलं. पण या तंत्राचं मनापासून चीज कुणी केलं असेल तर आपल्या पत्रिकावाल्यांनी. बोटाने वाचता यावीत अशी सोनेरी अक्षरं, आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या नावाने यायचा आग्रह. काकांचा हात तरबेज आहे. स्क्वीजी एका दमात ओढतात आणि शाईचा आवाज ऐकून ती पातळ झाली की दाट हे सांगतात. फक्त त्यांना कोणतंही काम हातात घेतलं की वरच्या बाजूला मधोमध जागा का सोडली नाही असं वाटतं. "मॅडम, इथे गणपती बसला असता," ते म्हणाले. तिथे कवटी होती.

लोगोची फिल्म पाहून त्यांनी विचारलं, "ही झाडाची मुळं कुठे घ्यायची?"

पावसाळ्यात स्क्रीन प्रिंटिंग करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण लिहायला हवं. जाळीवर उजेडाने घट्ट होणारं इमल्शन चढवायचं, ते अंधारात वाळवायचं, वर फिल्म ठेवून उजेड दाखवायचा. फिल्मच्या काळ्या भागाखाली इमल्शन कच्चं राहतं, पाण्याने धुतलं की तेवढंच निघून जातं आणि शाईला तेवढीच वाट मोकळी होते. जुलैत ते इमल्शन वाळत नाही. वाळल्यासारखं दिसतं. मग धुताना जे राहायला हवं तेही निघतं, आणि काका बारीक ब्रश घेऊन एकेक भोक बुजवत बसतात. कागदाचीही तीच गत. पहिला रंग छापला तेव्हा ताव जेवढा होता तेवढा तो तिसऱ्या रंगाच्या वेळी नसतो. हवेतलं पाणी पिऊन तो किंचित पसरतो आणि डाव्या कोपऱ्यातल्या, रंग जुळवायच्या रजिस्ट्रेशनच्या फुल्या जुळवल्या की उजव्या कोपऱ्यातल्या सुटतात. कार्यक्रम जुलैतच का, असं मी बँडला विचारलं होतं. तेव्हा हॉल स्वस्त मिळतो.

जाळ्या तयार झाल्यावर तारीख बदलली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, कारण जाळ्या तयार झाल्या की तारीख बदलते हा या कामाचा क्रमच आहे. त्याच दिवशी गिटारवाल्याच्या काकांनी थोडी रक्कम द्यायचं कबूल केलं आणि बदल्यात फक्त नाव टाका म्हणाले. फक्त नाव म्हणजे खाली 'शुभेच्छुक' आणि शेजारी गोलात फोटो. फोटो मी नाकारला. त्यावर मला ऐकवण्यात आलं की फ्लेक्सवाला हे सगळं तासाभरात करून देतो, फोटोसकट, आणि त्याचं दहा बाय आठ फुटांचं असतं. चौकातल्या फ्लेक्सवर गॉगल लावलेले सोळा चेहरे एकदम मावतात, हे खरंच आहे. माझ्याकडे तीन रंग होते. त्यातल्या एकाने काकांचा चेहरा छापायचा तर तो पिवळा, निळा किंवा काळा झाला असता. काळ्याला हरकत नाही असं काकांनी कळवलं. शेवटी नावावर मिटलं, पण 'शुभेच्छुक' हा शब्द त्यांनी सोडला नाही. कवटीच्या हनुवटीखाली तो आहे.

वेळ 'सायंकाळी ७ वाजता' अशी छापली. कार्यक्रम नऊला सुरू होणार हे सगळ्यांना माहीत होतं, आणि उघड्यावर दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही हेही. मुंबईच्या रंगभवनात एके काळी रॉक वाजत असे. पुढे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवन शांत झालं. आमचा हॉल बंदिस्त होता, पण शेजारची सोसायटी जागी होती. मी म्हटलं, साडेआठ छापू, निदान अर्धं खरं. गायक म्हणाला, साडेआठ लिहिलं तर लोक साडेदहाला येतात. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तारखेसाठी नवी फिल्म करताना जागा हवी म्हणून लोगोची फिल्म उचलून थोडी वर चिकटवावी लागली. ती छपाईवाल्या काकांनी चिकटवली. छपाई झाली, प्रती रॅकवर वाळल्या, मी एकेक प्रत काठाला धरून उजेडात तपासली. बँडमधल्या चौघांनी तपासली, गिटारवाल्याच्या काकांनी फोटो मागवून आपलं नाव तपासलं. पोस्टर सगळ्यांना पसंत पडलं. लोगो उलटा छापला गेल्याचं कार्यक्रमाच्या दिवशी लक्षात आलं, तेही ड्रमरच्या आईच्या. ती टी-शर्ट धुते, त्यामुळे तो लोगो सगळ्यात जास्त वेळा सुलटा करून वाळत घातलेला तिनेच. तिने विचारलं, "हे असं खाली डोकं वर पाय मुद्दाम केलंय का?" चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. गिटारवाला म्हणाला, "हो काकू." व्हाइब तीच होती.

पोस्टर लावायचं कुठे, हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो. परवानगीशिवाय भिंतीवर चिकटवणं हा १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो कायदा पाळण्याची माझ्याइतकी काळजी शहरात फारसं कुणी करत नसावं. विजेच्या खांबांवर भावी नगरसेवक असतात. एका कॅफेच्या मालकाने आनंदाने परवानगी दिली आणि काचेच्या दर्शनी दाराकडे बोट दाखवलं. मी त्या दिशेने निघाले तर म्हणाला, तिकडून आत जा, डावीकडे वळा, टॉयलेटच्या बाहेर. फिलमोरच्या दिवसांत लावलेली पोस्टरं लोक रात्रीत भिंतीवरून काढून घरी नेत असत, अशी बिल ग्रॅहमची अडचण होती. अशी अडचण मला एकदा तरी यावी. त्या कॅफेतलं पोस्टर अजून तिथेच आहे.

एकूण १२० प्रतींपैकी बाकीच्या विकायच्या होत्या. मर्यादित आवृत्ती म्हटलं की प्रत्येक प्रतीवर पेन्सिलीने क्रमांक घालायचा, सही करायची, अशी रीत आहे. गायकाला स्वतःच्या प्रतीवर ६६६ क्रमांक हवा होता. मी सांगितलं, प्रती १२० आहेत. तो म्हणाला, "मग १२० पैकी ६६६ लिहा ना ताई, कोण बघतंय?" त्याचं हे म्हणणं, लोगोचा अनुभव ताजा असल्यामुळे, मला पूर्ण खोडता आलं नाही. तरी मी लिहिलं नाही.

हॉलच्या बाहेर टेबल मांडलं होतं. मुलं येत होती, हातात घेऊन बघत होती, शाईवरून बोट फिरवत होती, आणि त्या क्षणी हे सगळं का करायचं ते मला नेमकं कळत होतं. मग त्यातला प्रत्येक जण पैसे देऊन विचारत होता, "घडी घातली तर चालेल ना?" गुंडाळून न्यायला मी पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या होत्या. पण नळी घेऊन आत नाचता येत नाही आणि नळी स्कूटरच्या डिकीत बसत नाही. घडी बसते. तीन फुल्या जुळवून, दमट हवेत, अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब सांभाळून छापलेला तो ताव आधी उभा, मग आडवा असा दुमडला जात होता आणि रेनकोटखाली जात होता. घडीची रेघ नेमकी कवटीच्या नाकातून जात होती. मी मधेमधे 'मोडेल' असं म्हणत होते. एका मुलाने मला धीर दिला, म्हणाला, "डोन्ट वरी, घरी गेल्यावर इस्त्री करतो."

मानधनाचं म्हणाल तर, वेस विल्सनचं आणि बिल ग्रॅहमचं १९६७ मध्ये पैशांवरूनच फाटलं, आणि विल्सनने जाता जाता शेवटच्या पोस्टरवर तोंडात डॉलरचं चिन्ह धरलेला साप काढला. मला साप काढायला जागा उरली नव्हती, तिथे शुभेच्छुक होते.

छपाईचं बिल मात्र बँडने चुकतं करायचं होतं, आणि ते बेसवाल्याने अडवलं. काकांच्या संगणकात बिलासाठी ठरलेली यादी आहे. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत, दशक्रिया. त्यांनी सवयीने पहिलं निवडलं होतं, त्यामुळे बिलावर 'लग्नपत्रिका, मोठी, ३ रंगी, १२० नग' असं आलं. बेसवाल्याने ते वाचून सांगितलं की चौघांपैकी कुणाचंच लग्न झालेलं नाही आणि हिशेबात हे बसणार नाही. काका म्हणाले, यादीबाहेरचं काही लिहिता येत नाही, त्यासाठी सॉफ्टवेअरवाला बोलवावा लागतो आणि तो चिंचवडहून येतो. मी दोघांच्या मध्ये उभी होते. मी यादी पुन्हा वाचली आणि दशक्रिया सुचवली.

बेसवाला एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच खुश दिसला. त्याने ते बिल आधी बँडच्या ग्रुपवर टाकलं, मग पैसे दिले. खळखळ केली ती काकांनी. चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "मॅडम, माझं काही नाही, पण दशक्रियेला रंगीत कोण छापतं?"